बंगल्याचं मागचं दार

ताडोबाच्या मोहर्ली किंवा कोलारा गेटजवळ राहायची सोय शोधायला मोबाइल हातात घेतला की एक शब्द वारंवार समोर येतो : 'कलोनियल'. कलोनियल व्हरांडा, कलोनियल फर्निचर, साहेबांच्या काळातल्या शिकारी बंगल्याचा अनुभव. फोटोत लांब हातांची आरामखुर्ची असते, कंदील असतो, पितळी घंटा असते, भिंतीवर हॅट घातलेला कुणीतरी ब्लॅक अँड व्हाइट साहेब असतो. ज्या इमारतीचे हे फोटो आहेत ती बहुतेक वेळा वयाने माझ्यापेक्षा लहान असते.

मला या इमारतींवर लिहायचं आहे. पुस्तकावर, सिनेमावर आपण समीक्षा लिहितो. इमारतीत तर आपण झोपतो, जेवतो, तिचे पैसे भरतो, घरी येऊन तिला स्टार देतो. पण त्या स्टारमध्ये स्वच्छता येते, नाश्ता येतो, वायफाय येतं. ही इमारत अशीच का बांधली, तिच्यात कुणासाठी जागा ठेवली आणि कुणासाठी ठेवली नाही, हे येत नाही. माझं म्हणणं थोडक्यात असं : 'हेरिटेज' म्हणवणाऱ्या घराची पारख त्याच्या व्हरांड्यावरून करू नये, मागच्या दारावरून करावी. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात त्यासाठी लागणारे सगळे पुरावे एकमेकांपासून काही तासांच्या अंतरावर उभे आहेत.

विलायतेतली थोरली बहीण

'साहेबासारखं राहा' ही कल्पना आपल्या जंगलात उगवलेली नाही. तिची थोरली बहीण इंग्लंडमध्ये आहे. तिथल्या जमीनदारांची खेड्यातली मोठी घरं, ज्यांना 'कंट्री हाऊस' म्हणतात, आणि त्यांची पुढे झालेली हॉटेलं. 'डाउनटन अ‍ॅबी' ही मालिका पाहिली असेल तर हे घर ओळखीचं वाटेल. समोर हिरवळ, मधोमध मोठा हॉल, वर मालकांच्या खोल्या. तळघरात स्वयंपाकघर, नोकरांचा वेगळा जिना आणि भिंतीवर घंटांची रांग. कुठली घंटा हलली त्यावरून कुठल्या खोलीतून बोलावणं आलं ते कळायचं. म्हणजे एकाच भिंतींच्या आत दोन घरं होती. नोकर दिसू नये, पण हाक मारताच हजर व्हावा, यासाठी जिने, दारं आणि बोळ मुद्दाम आखलेले असत.

विसाव्या शतकात हे गणित मोडलं. शेतीचं उत्पन्न घटलं, वारसाकर वाढला, महायुद्धांनंतर नोकर मिळेनात. शेकडो घरं पाडली गेली. 1974 मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने या पाडापाडीवर एक प्रदर्शन भरवलं. ते इतकं गाजलं की जुनी घरं वाचवण्याच्या चळवळीला त्याने जोर दिला. उरलेल्या घरांपैकी काही नॅशनल ट्रस्टकडे गेली, काहींच्या शाळा झाल्या, काहींची हॉटेलं. थेम्सकाठचं क्लाइव्हडन हे त्यातलं नावाजलेलं. आजची इमारत 1851ची, चार्ल्स बॅरी या वास्तुरचनाकाराची. 1942 मध्ये अ‍ॅस्टर कुटुंबाने ती ट्रस्टला दिली आणि 1980च्या दशकापासून तिथे महागडं हॉटेल चालतं. स्टोक पार्क तर आपल्याकडच्या बातम्यांमध्येही झळकलं होतं. 'गोल्डफिंगर' सिनेमात जेम्स बाँड जिथे गोल्फ खेळतो ती ही जागा. 2021 मध्ये रिलायन्सने ती 5 कोटी 70 लाख पौंडांना विकत घेतली.

हॉटेल झाल्यामुळे ही घरं टिकली, हे मान्य करायला हवं. एवढ्या मोठ्या छपराची डागडुजी कुणीतरी रोज पैसे भरल्याशिवाय होत नाही. पण घराचं हॉटेल होताना त्याच्या गोष्टीतली अर्धी पात्रं गळतात. पाहुणा एका रात्रीपुरता मालकाच्या जागी बसतो. नोकराच्या जागी झोपण्यासाठी कुणी पैसे भरत नाही. मग तळघराचा स्पा होतो, तबेल्याचा बार होतो आणि घंटांची रांग सेल्फीपुरती उरते. 2020 मध्ये नॅशनल ट्रस्टने आपल्या ताब्यातल्या 93 जागांचा गुलामगिरीशी आणि वसाहतींमधल्या कमाईशी काय संबंध होता याचा अहवाल काढला, तेव्हा तिथे मोठा गदारोळ झाला. लोक चहा प्यायला आणि बाग पाहायला येतात, त्यांना हे कशाला सांगता, असा एकंदर सूर होता. घराची शोभा सगळ्यांना हवी असते, घराचा जमाखर्च कुणालाच नको असतो. हा प्रश्न आता आपल्या जंगलात आणून पाहू.

चांद्याला वाडा नाही, बंगला

पूर्वीच्या चांदा जिल्ह्यात इंग्रजांनी असलं एकही मोठं घर बांधलं नाही. बांधणार कोण? 1854 मध्ये नागपूरचं राज्य खालसा झालं आणि चांदा थेट इंग्रजी अमलाखाली आला. इथे येणारा साहेब नोकरीवर येई, हिवताप आणि उन्हाळा सोसून बदलीची वाट पाही. इथे म्हातारं व्हायचा बेत कुणाचाच नव्हता. त्यामुळे इथे बांधलं गेलं ते मुक्कामाचं घर : डाकबंगला, वनखात्याचं विश्रामगृह, निरीक्षण बंगला. दौऱ्यावरच्या अधिकाऱ्याने दिवसभर घोड्यावरून हिंडावं आणि संध्याकाळी जिथे पोचावं तिथे एक छप्पर तयार असावं, हा त्यामागचा हिशोब.

सिरोंच्याचं उदाहरण घ्या. प्राणहितेच्या काठावरचं हे गाव आज गडचिरोली जिल्ह्याचं अगदी दक्षिण टोक आहे. पण 1874 पर्यंत ते 'अप्पर गोदावरी' नावाच्या स्वतंत्र जिल्ह्याचं मुख्य ठाणं होतं. गोदावरीतून बोटी चालवून मध्य भारताचा माल समुद्राला न्यायचा, ही मोठी इंग्रजी योजना त्या काळात जोरात होती. 1871 मध्ये ती गुंडाळली गेली आणि पाठोपाठ जिल्हाही. इथला एक डेप्युटी कमिशनर ग्लासफोर्ड. त्याच्या नावाचं ग्लासफोर्डपेठा हे गाव आजही सिरोंचा तालुक्यात आहे. सिरोंच्याला ब्रिटिशकालीन विश्रामगृहही आहे. जिल्हा गेला, बोटींची योजना गेली, पण साहेबाचं नाव आणि साहेबाचा मुक्काम दोन्ही राहिले. त्या काळातल्या बंगल्यांच्या तुळया ज्यांनी खांद्यावरून वाहिल्या, त्यांच्या नावाचं गाव मात्र मला कुठे सापडत नाही.

'बंगला' हा शब्दही गमतीचा आहे. तो मूळचा बंगालमधल्या खेड्यातल्या घराचा : उतरतं छप्पर, चारी बाजूंनी पडवी, एकच मजला. कंपनीच्या लोकांनी ते घर पाहिलं, स्वतःसाठी मोठं करून घेतलं, बराकींच्या आणि कचेऱ्यांच्या नकाशात बसवलं. पुढे 1870च्या सुमारास हा बंगला समुद्र ओलांडून इंग्लंडमध्ये केंटच्या किनाऱ्यावर सुट्टीचं घर म्हणून उभा राहिला. म्हणजे आज आपण ज्याला इंग्रजी थाट म्हणून पैसे मोजतो, त्याचा सांगाडा इथल्याच शेतकऱ्याच्या घराचा आहे. साहेबाने त्यात भर घातली ती दोन गोष्टींची : उंची आणि अंतर.

जोत्यापासून छपरापर्यंत

जुनं विश्रामगृह पाहायला मिळालं तर घाई न करता पाहा. इमारत म्हणून ते हुशार असतं, आणि समीक्षा करायची तर आधी ही हुशारी मान्य करायला हवी.

सुरुवात जोत्यापासून. ते उंच असतं. पावसाळ्यातली ओल, वाळवी आणि साप-विंचू खालीच राहावेत म्हणून. जोत्यावर रुंद व्हरांडा. तो बसण्यासाठी आहेच, पण त्याचं खरं काम भिंतीवर ऊन पडू न देण्याचं. चंद्रपूरचा पारा 47-48 अंशांपर्यंत गेलेला आहे, तिथे भिंत तापली की घर रात्रभर भट्टीसारखं धुमसतं. व्हरांड्यामुळे भिंत दिवसभर सावलीत राहते. भिंती जाड, म्हणून उष्णता आत शिरायला वेळ लागतो. छत उंच आणि छताजवळ रोशनदानं. गरम हवा वर चढते आणि तिथून निघून जाते. वर कवेलूंचं छप्पर, कवेलूंच्या फटींमधून तेही श्वास घेतं. उन्हाळ्यात दारांना वाळ्याच्या ताट्या लावून त्यांच्यावर पाणी मारायचं. विदर्भातल्या प्रत्येक घराच्या खिडकीत घोंघावणारा कूलर ही त्या ताटीचीच नात.

यातलं किती साहेबाचं आणि किती इथलं? सावलीची पडवी, उतरतं छप्पर, कवेलू, कुडाची किंवा मातीची जाड भिंत हे सगळं गावातल्या घरांत आधीपासून होतं. आमच्याकडे दारापुढच्या पडवीला छपरी म्हणतात. फरक असा की गावातली छपरी रस्त्याला लागून असते. जाणारा-येणारा तिथे टेकतो, तंबाखू मळतो, दोन गोष्टी बोलतो. बंगल्याचा व्हरांडा रस्त्यापासून लांब, उंचावर, मोठ्या मोकळ्या आवाराच्या मधोमध असतो. तिथून येणारा माणूस फाटकापासून दिसतो आणि त्याला तेवढं अंतर साहेबाच्या नजरेखाली चालावं लागतं. अर्ज घेऊन आलेला गावकरी पायरीखाली उभा, साहेब वर खुर्चीत. उन्हासाठी बांधलेली उंची माणसांमध्येही उंची आणते. त्यासाठी वेगळी पाटी लावावी लागत नाही, जोतं पुरतं.

आता मागे चला. स्वयंपाकघर मूळ इमारतीपासून सुटं, थोडं दूर. धूर आणि आगीची भीती हे एक कारण, खानसाम्याचा वावर नजरेआड राहावा हे दुसरं. त्यापलीकडे चौकीदाराची आणि नोकरांची खोली. तिचं छप्पर ठेंगणं, खिडकी लहान किंवा नाहीच, रोशनदान नाही, व्हरांडा नाही. उन्हाळ्याबद्दल जे ज्ञान साहेबाच्या खोलीत वापरलं, ते पन्नास पावलांवर आल्यावर अचानक विसरलं गेलेलं दिसतं. दोन्ही बांधणारा एकच होता आणि ऊनही दोघांना सारखंच होतं.

आणि शेवटी ते दार. जुन्या बंगल्याच्या न्हाणीघराला दोन दारं असतात. एक आतून, झोपायच्या खोलीतून. दुसरं बाहेरून, थेट मागच्या अंगणात उघडणारं. नळ आणि फ्लश येण्याआधी तिथे कमोडचा डबा असे. तो उचलून नेणाऱ्या माणसाने घरात पाऊल न टाकता यावं आणि तसंच जावं, यासाठी ते दार. साहेबाला जात नसते असं म्हणतात. पण त्याच्या घराच्या नकाशाने आपली जातव्यवस्था नीट समजून घेतली होती आणि तिच्यासाठी चौकट बसवून दिली होती. ज्या चांद्यात 16 ऑक्टोबर 1956 रोजी बाबासाहेबांनी हजारोंना धम्मदीक्षा दिली, तिथे या दाराचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागू नये. आज ही दारं बहुतेक ठिकाणी खिळे ठोकून बंद केलेली किंवा विटांनी बुजवलेली असतात. नव्या टाइल्स लावल्या की खूणही उरत नाही. वारसा म्हणून जपण्यासारखी इमारतीतली सगळ्यात बोलकी गोष्ट नेमकी तीच, आणि दुरुस्तीच्या यादीत पहिला नंबर तिचाच लागतो.

लाकूड कुणाचं

या बंगल्यांचा जीव लाकडात आहे. आलापल्ली आणि परिसराचं सागवान जगात मोजक्या चांगल्या सागवानांत गणलं जातं. आलापल्लीजवळ 'वनवैभव' नावाने ओळखला जाणारा जुन्या सागाचा एक पट्टा राखून ठेवलेला आहे, 2014 मध्ये तो जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाला. अयोध्येतल्या राममंदिरासाठी 2023 मध्ये इथलंच सागवान बल्लारपूरहून मिरवणुकीने रवाना झालं.

पण याच जंगलात राहणाऱ्या माणसाला स्वतःच्या घराच्या आढ्यासाठी लाकूड घ्यायचं तर? 1878च्या वनकायद्याने राखीव जंगलाची व्यवस्था पक्की केली. जे लाकूड पूर्वी गरजेपुरतं तोडलं जाई, ते आता सरकारी मालमत्ता झालं, गावाला मिळेल ती निस्ताराची सवलत. जंगलातल्या कामाला हाताशी माणसं हवीत म्हणून वनखात्याने वनग्रामं वसवली. शेतीला तुकडा मिळे, बदल्यात खात्याचं काम करावं लागे. दौऱ्यावरच्या साहेबाचं सामान वाहणं, लाकूडफाटा-दूध-कोंबडी पुरवणं ही बेगार वेगळीच. बंगला आणि झोपडी एकाच जंगलाच्या लाकडाची. एकाला मंजुरी होती, दुसरीला दंड.

ही जुनी गोष्ट नाही, याचा पुरावा गडचिरोली-धानोरा रस्त्यावर आहे. मेंढा (लेखा) हे गाव ग्रामसभेच्या 'आमच्या गावात आम्हीच सरकार' या घोषणेमुळे देशभर माहीत झालं, 2009 मध्ये त्याला सामूहिक वनहक्क मिळाला आणि 2011 मध्ये स्वतःच्या जंगलातला बांबू विकण्याचे पास ग्रामसभेच्या हाती आले. पण त्याआधीच्या वर्षांतली एक घटना मला वास्तुकलेच्या दृष्टीने फार मोठी वाटते. गावाने आपलं गोटूल पुन्हा उभं करायचं ठरवलं. गोटूल म्हणजे गोंड समाजाचं सामाईक घर. तरुण मुलामुलींनी एकत्र यायचं, शिकायचं, नाचायचं, गावाने बसून निर्णय घ्यायचा, पाहुण्याला उतरवायचं. व्हेरिअर एल्विनने 1947च्या आपल्या प्रसिद्ध पुस्तकात बस्तरमधल्या गोटुलांबद्दल लिहिल्यापासून बाहेरच्या जगाने त्याला फक्त कुतूहलाने पाहिलं. मेंढ्याला ते सभागृह म्हणून हवं होतं. गोटूल लाकडाचंच असतं, सागाचे खांब त्याला लागतातच. गावाने खांब आणले, गोटूल बांधलं. लाकूड बेकायदा म्हणून वनखात्याने ते पाडलं. त्यावर गावाने ते परत बांधलं आणि आजूबाजूच्या गावांनीही आपापली गोटुलं उभारायला घेतली.

एका इमारतीवरून सरकार आणि गाव समोरासमोर आले, कारण दोघांनाही तिचा अर्थ चांगला कळला होता. ज्या खात्याची विश्रामगृहं याच सागावर उभी, त्याला गावाच्या सागाच्या खांबांत गुन्हा दिसला. 'हेरिटेज' हा शब्द या दोन लाकडांपैकी कुठल्या लाकडाला लागतो ते बघा.

रिसॉर्ट काय उचलतं, काय टाकतं

आता परत मोहर्लीच्या रस्त्यावर येऊ. ताडोबा 1955 मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, 1995 मध्ये अंधारी अभयारण्यासह व्याघ्र प्रकल्प. बोटेझरी, नवेगाव, जामणी ही गावं कोअरमधून बाहेर आली. 2012 मध्ये व्याघ्र प्रकल्पांतल्या पर्यटनाचा वाद सर्वोच्च न्यायालयात गाजला आणि नंतरच्या नियमावलीने कोअरमधल्या कायमच्या पर्यटन सोयी हळूहळू बंद करायला सांगितल्या. त्यामुळे राहण्याचा सगळा धंदा गेटबाहेर, बफरमध्ये एकवटला. जिथे धान पिकत होतं तिथे आज स्विमिंग पूल दिसतात.

या रिसॉर्टांनी रोजगार आणला, हे खोटं नाही. गाइड, जिप्सीचालक, स्वयंपाकी, माळी म्हणून गावातली पोरं आणि बायका कमावू लागल्या. माझा आक्षेप पर्यटनावर नाही, वास्तुरचनेतल्या आळसावर आहे. कलोनियल म्हणवणारं रिसॉर्ट जुन्या बंगल्याकडून काय घेतं? खुर्ची, कंदील, घंटा, साहेबाचा फोटो. काय टाकून देतं? जाड भिंत, उंच छत, रोशनदान, भिंतीला सावली देणारा खोल व्हरांडा. म्हणजे बंगल्यात शिकण्यासारखं जे होतं ते टाकलं, आणि टाकण्यासारखं जे होतं ते विकायला ठेवलं. जागोजागी दिसणारी खोली अशी असते : सिमेंटची भिंत, तिच्यावर मातीचा रंग, समोर छतापासून जमिनीपर्यंत काच, कारण पाहुण्याला पलंगावरून जंगल दिसायला हवं. मे महिन्यात पश्चिमेच्या काचेतून येणारं ऊन एसीने भागवायचं. त्या एसीला लागणारी वीज कुठून येते हे चंद्रपूरकराला सांगायला नको. औष्णिक केंद्राच्या चिमण्या शहराच्या क्षितिजावरच उभ्या आहेत आणि त्यांची राख आमच्या गच्चीवर पडते.

भिंतीवरच्या चित्रांचंही तसंच. रिसेप्शनमध्ये ठिपक्या-रेषांचं रंगीत हरीण असतं, खाली 'गोंड कला' लिहिलेलं. ती शैली मध्य प्रदेशातल्या पाटनगढच्या प्रधान गोंड कलाकारांची, जनगढसिंह श्याम यांच्यामुळे 1980नंतर जगभर गेलेली. थोर कला आहे, पण चांद्याच्या गोंडांच्या घराच्या भिंतीवरची नव्हे. काही ठिकाणी शेजारीच वारली नाचही असतो, पालघरहून आलेला. इथल्या गोंड राजांनी चांद्याला परकोट बांधला, जटपुरा आणि पठाणपुरा या वेशी बांधल्या, बल्लारपूरचा किल्ला बांधला. इतकी मोठी दगडी परंपरा तासाभराच्या अंतरावर असताना तिच्यातलं काहीच या इमारतींच्या कामी येत नाही, कारण 'आदिवासी' म्हटलं की झोपडी आणि 'थाट' म्हटलं की साहेब, एवढेच दोन साचे आपल्या डोक्यात आहेत. गोंड राजा त्या दोन्हींत बसत नाही.

आणि मागचं दार? ते आहेच. त्यावर आता 'ओन्ली फॉर स्टाफ' लिहिलेलं असतं. त्यापलीकडे पत्र्याच्या शेडमध्ये एका खोलीत सहा-सात पलंग असतात. जास्तीच्या विजेचा, पंख्याचा, खिडकीचा विचार तिथेही पन्नास पावलांवर थांबलेला. सगळीकडे असं आहे असं मी म्हणत नाही. पण वेबसाइटवर शंभर फोटो टाकणाऱ्यांपैकी एकानेही स्टाफच्या खोलीचा फोटो टाकलेला मी अजून पाहिला नाही.

विचारून बांधलेली इमारत

मग चांगली इमारत कशी असते? त्यासाठी हॉटेल सोडून दवाखान्यात जावं लागेल. मेंढ्याच्याच रस्त्यावर, गडचिरोलीपासून थोड्या अंतरावर, 'सर्च'चं शोधग्राम आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 मध्ये सुरू केलेली ही संस्था. आदिवासी रुग्ण दवाखान्यात का येत नाहीत, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. त्यांनी लोकांनाच विचारलं. उत्तरं जवळपास सगळी इमारतीबद्दल होती. मोठ्या इमारतीची भीती वाटते. पांढऱ्या कपड्यातल्या लोकांची भीती वाटते. रुग्णाला आत घेतात आणि नातेवाइकांना बाहेर काढतात. आमचा देव तिथे नसतो.

मग दवाखाना झोपड्यांच्या वस्तीसारखा बांधला गेला. आजाऱ्याबरोबर घरचं माणूस राहू शकेल अशा खोल्या. नाव लोकांच्या देवीचं : माँ दंतेश्वरी दवाखाना. इथे लोकांचं ऐकून आधी नकाशा बदलला. रिसॉर्टमधलं झोपडीचं छप्पर आणि इथलं झोपडीसारखं घर फोटोत सारखंच दिसेल. पण पहिल्यात बाहेरून येणाऱ्याला इथलं असल्याचा भास द्यायचा आहे, दुसऱ्यात इथल्याच माणसाला परकं वाटू द्यायचं नाही. शैली तीच, हेतू उलटा. म्हणून निव्वळ शैलीवर समीक्षा थांबली तर ती अपुरी पडते.

पाहुणचार हा शब्द आपण हॉटेलवाल्यांना देऊन टाकला आहे. पाहुणा येईल तो कुणाला घेऊन येईल, त्याचा ड्रायव्हर कुठे झोपेल, त्याचं ताट घासणारी बाई दुपारी कुठे पाठ टेकेल, एवढे प्रश्न विचारून जी इमारत आखली जाते तीच खऱ्या अर्थाने पाहुणचार करते. गोटूल करतं. दंतेश्वरी दवाखाना करतो. जुना बंगला करत नव्हता आणि नवा 'कलोनियल' बंगला करायचं टाळतो.

मग जुन्या बंगल्यांचं काय करायचं?

पाडायचे? अजिबात नाही. त्यांच्या भिंतींत उन्हाळ्याबद्दलचं जे शहाणपण आहे ते आपल्या वाढत्या उन्हाळ्यांना हवंच आहे. जुन्या विश्रामगृहांत पर्यटकांनी राहावं, यालाही माझी हरकत नाही. मुक्कामासाठी बांधलेल्या घरात मुक्काम होणं हाच त्याचा सरळ उपयोग. माथेरानला कॅप्टन बारचा एकोणिसाव्या शतकातला बंगला 'व्हरांडा इन द फॉरेस्ट' नावाचं हॉटेल म्हणून चालतो, तसं इथेही होऊ शकतं.

फक्त ते करताना घर अर्धं करू नये. न्हाणीघराचं बाहेरचं दार बुजवू नका, उघडं ठेवा, आणि ते कशासाठी होतं हे मराठीत आणि गोंडीत दोन ओळींत लिहा. खानसाम्याची खोली स्टोअररूम करू नका, तिला रोशनदान पाडा आणि आज तिथे काम करणाऱ्याला राहू द्या. व्हरांड्याचा एक भाग गावाला खुला ठेवा, म्हणजे त्याची छपरी होईल. बंगला चालवायला ग्रामसभेला द्या. ज्या ग्रामसभा बांबूचा लिलाव आणि हिशोब करतात, त्यांना चार खोल्यांचं बुकिंग अवघड जाणार नाही. आणि नवीन बांधणाऱ्यांनी साहेबाची खुर्ची सोडून साहेबाची भिंत उचलावी.

तुम्ही ताडोब्याला जालच, जायलाही हवं. वाघ दिसो न दिसो, परत आल्यावर रेटिंग द्याल. तर्री पोहे चांगले असतील तर पाच स्टार द्या. फक्त निघण्याआधी एकदा इमारतीला मागून चक्कर मारा, आणि स्टाफच्या खोलीला खिडकी आहे की नाही, हेही रिव्ह्यूमध्ये लिहा.